कुंकूतलं घड्याळ, सैराटमधली पावलं

हिंजवडीकडून माणमध्ये शिरताना रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं थांबावं. एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब, कंपन्यांच्या बसगाड्या. दुसऱ्या बाजूला उरलंसुरलं शिवार, बांधावरची बाभूळ, एखादं भाताचं खाचर आणि पश्चिमेला डोंगरांची निळसर रेघ. समजा, त्या बांधावर एक म्हातारा शेतकरी बसला आहे आणि त्याचं चित्रण करायचं आहे. कॅमेरा अगदी जमिनीलगत, ढेकळांच्या उंचीवर ठेवला, तर म्हाताऱ्याच्या पाठीमागची इमारत आभाळाएवढी होते आणि त्याच्या अंगावर आल्यासारखी दिसते. तोच कॅमेरा त्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत नेला, तर म्हातारा ठिपक्याएवढा होतो आणि त्याचं वावर ‘प्लॉट’ दिसू लागतं. आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन हातांच्या अंतरावर आणून मागचं सगळं धूसर केलं, तर इमारतही दिसत नाही आणि शेतही दिसत नाही. दिसतो तो सुरकुतलेला चेहरा. तो काय बघतोय, हे मग बघणारा आपल्या मनाने भरून काढतो.

माणूस तोच, बांध तोच, तोंडातून एक शब्द निघालेला नाही. नुसती कॅमेऱ्याची जागा बदलली आणि भीती, तुच्छता, कणव असे तीन वेगळे भाव उमटले.

या परिसराची गोष्ट पडद्यावर आली ती प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मधून, नोव्हेंबर २०१८ मध्ये. जमीन विकून हातात आलेला पैसा, तो संपल्यावर आलेली लाचारी आणि त्यातून गुन्हेगारीत ओढला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा. ओम भूतकरने राहुल्या उभा केला, मोहन जोशींनी त्याचा बाप. पुढे हिंदीत त्याचा ‘अंतिम’ झाला. माण, हिंजवडी, मारुंजी या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला ही गोष्ट कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गुंठा, सातबारा, खरेदीखत, दलाल हे शब्द इथल्या घराघरात जेवताना बोलले जातात. तरीही माहीत असलेली गोष्ट अंधारात बसून बघताना घसा दाटतो. गावच्या पारावर ऐकलेल्या त्याच हकिकतीने तो दाटत नाही. हा फरक गोष्टीत नसतो. तो गोष्ट दाखवण्यात आणि ऐकवण्यात असतो, आणि त्याचं सगळ्यात जुनं मराठी विद्यापीठ माणपासून वीसेक किलोमीटरवर, एरंडवण्यात आहे.

कोल्हापूरला १९२९ मध्ये सुरू झालेली ‘प्रभात फिल्म कंपनी’ १९३३ मध्ये पुण्यात आली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर हे कलावंत आणि सीतारामपंत कुलकर्णी अशी ही पाच भागीदारांची मंडळी. आज जिथे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, तोच प्रभातचा स्टुडिओ. पुण्यात आल्यावरचा त्यांचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, साल १९३४. त्यातला राजगुरूचा डोळा जुन्या प्रेक्षकांच्या मनातून कधी गेला नाही. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांची होती, आणि त्यांचे डोळे मुळातच भेदक. शांतारामांनी तो एक डोळा पडदाभर मोठा करून दाखवला.

त्या काळचा मराठी प्रेक्षक संगीत नाटकांवर पोसलेला होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा जेमतेम लिंबाएवढा दिसायचा. म्हणून नट हात पसरून, आवाज चढवून, पल्लेदार वाक्यं फेकून भाव पोचवायचा. पडद्यावरच्या त्या डोळ्याला हात पसरायची गरज उरली नाही. बुबुळ किंचित हललं तरी चार आण्याच्या तिकिटावर बसलेला माणूस दचकायचा. क्लोजअपने नटाच्या अभिनयाची पट्टी खाली आणली, म्हणजे दर्जा उतरवला नाही, अभिनय हळू केला. हा बदल आज आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीतरी पहिल्यांदा घडला असेल, हे जाणवतही नाही.

चेहरा जवळून दाखवला की भाव आपोआप दिसतो, असंही नाही. रशियातल्या लेव्ह कुलेशॉव्हने १९२० च्या आसपास केलेला एक प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तोच तुकडा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा सुंदर स्त्रीच्या चित्राशेजारी. बघणाऱ्यांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं, अभिलाषा दिसली, आणि नटाच्या अभिनयाची त्यांनी वाखाणणी केली. चेहरा तर बदललाच नव्हता. भावना पडद्यावर पूर्ण तयार होऊन येत नाही, तिचा अर्धा भाग बघणाऱ्याच्या मनात शिजतो. ज्या दिग्दर्शकाला हे उमगलं, तो प्रेक्षकाच्या वाट्याचं काम स्वतः करून टाकत नाही.

हे उमगल्याचा अस्सल मराठी पुरावा म्हणजे १९३७ चा ‘कुंकू’.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर शांतारामांनी हा चित्रपट केला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा, आणि तिला बायको म्हणून घरात आणणारे काकासाहेब. शांता आपटे आणि केशवराव दाते. नीरा हे लग्न मानायला साफ नकार देते. असा विषय आज कोणी घेतला, तर पहिल्या दहा मिनिटांत सारंगी आणि बासरी रडायला लागतील. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीतच नाही. जे ऐकू येतं ते त्या दृश्यातल्याच कुठल्यातरी वस्तूचं किंवा माणसाचं असतं. त्यात सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते भिंतीवरचं घड्याळ.

हे घड्याळ नीट ऐकण्यासारखं आहे. लंबकाची टिकटिक आपण घरात ऐकतच नाही, कारण कान तिला सरावलेले असतात. पण दोन माणसं एका खोलीत आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि वाद्यांचा एकही सूर नाही, अशा वेळी तीच टिकटिक मोठी होते. ती काकासाहेबांचं उरलेलं आयुष्य मोजते आहे की नीराची न सरणारी रात्र, हे कोणी सांगत नाही. दोघांचंही मोजते. म्हणूनच ते घड्याळ म्हाताऱ्याचंही होतं आणि मुलीचंही. तिथे करुण सुरावट घातली असती, तर तिने बोट धरून सांगितलं असतं की बाबांनो, मुलीची कीव करा. वाद्यं काढून घेतल्यामुळे प्रेक्षकाला स्वतः ठरवावं लागतं, आणि ठरवता ठरवता त्याच्या लक्षात येतं की आपल्याला त्या म्हाताऱ्याचीही कणव येऊ लागली आहे. अन्याय करणाऱ्याबद्दल राग आणि कणव एकाच वेळी वाटायला लावणं फार अवघड. शांताराम आणि संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांनी ते वाद्यं बाजूला ठेवून साधलं. हा निर्णय एका संगीतकाराने मान्य केला, याचं मोल फार मोठं आहे.

त्याच चित्रपटातला आरशाचा प्रसंगही असाच. आरसा फुटतो, आणि काचेच्या प्रत्येक तुकड्यात काकासाहेबांना आपलाच चेहरा दिसतो. एक म्हातारा अनेक होऊन स्वतःकडेच बघतो. ‘मी चुकलो’ हे वाक्य तोंडाने म्हणण्याऐवजी ते कॅमेऱ्याने म्हटलं आहे. कॅमेरा चालवत होते व्ही. अवधूत.

याचा अर्थ प्रभातला संगीत नको होतं, असा मुळीच नाही. आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला होता आणि त्यालाही संगीत भोळ्यांचंच होतं. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहू माणपासून लांब नाही, इथल्या वारकऱ्यांच्या घरात तुकोबा रोजचेच. तरीही विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यात लोकांना तुकोबा दिसले ते त्यांच्या गाण्यामुळे. त्यात एक जागा फार सुंदर आहे. तुकोबांचेच शब्द त्यांचा हेवा करणारा सालोमालो स्वतःच्या नावावर खपवतो आणि तेच शब्द नाटकी ताना घेत, मान वेळावत गातो. शब्द तेच असूनही चाल आणि गळा बदलताच प्रेक्षकाला कळतं की हा माणूस खोटा आहे. संवादाने सांगायचं तर पानभर लिहावं लागलं असतं. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक गीत तर पुढे अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटू लागलं. संगीताने विश्वास निर्माण केला की तो इतका खोल जातो.

संगीत शरीरावर काम करतं, बुद्धीवर नंतर. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक जवळून गेलं की ठोका कानात कमी आणि छातीत जास्त जाणवतो. चित्रपटगृहातला खालच्या पट्टीतला गंभीर घुमारा तेच करतो. प्रसंगात अजून काही घडलेलं नसतं, पण पोटात गोळा येतो. हिचकॉकच्या ‘सायको’मधला न्हाणीघरातला खून मुळात संगीताशिवाय ठेवायचा त्याचा विचार होता. बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर तो किंचाळणारा तुकडा रचून ऐकवला आणि हिचकॉकने मत बदललं. तिथे संगीत हवंच होतं, हे १९६० पासून तो प्रसंग पाहिलेला प्रत्येक जण सांगेल.

आणि कधी संगीत माणसाच्या आवाजाची जागा घेतं. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त गावाबाहेर गेलेला बाप मुलीसाठी साडी घेऊन परत येतो, आणि मुलगी तर गेलेली असते. आईचा हंबरडा फुटतो. पडद्यावर तिचं तोंड उघडलेलं दिसतं, ऐकू येतं ते मात्र तारशहनाईचं आक्रंदन. गजाने वाजणाऱ्या त्या वाद्याचा सूर शहनाईसारखा टोचतो. आईचं रडणं जसंच्या तसं ऐकवलं असतं तर ते एका आईचं राहिलं असतं. सुराने ते ऐकणाऱ्याच्या घरातल्या जुन्या दुःखापर्यंत गेलं. त्या चित्रपटाचं संगीत पंडित रविशंकर यांनी जवळजवळ एका बैठकीत, रात्रभर बसून केलं, हे कळल्यावर तर थक्क व्हायला होतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये याहून शांत काहीतरी आहे. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलने जातो. कानात एका दिवंगत गायिकेच्या व्याख्यानाची टेप. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, पुण्याच्या दिग्दर्शिकेचा. खाली तंबोऱ्याचा अखंड षड्ज, आणि गाडीची गती मंदावलेली. तरंगत जाणाऱ्या त्या माणसाला आपण कुठे पोचतोय याचा पत्ता नाही, हे त्या तीन गोष्टींच्या जुळणीतून कळत जातं. काही घडत नाही, आणि तरी डोळ्यांत पाणी उभं राहतं.

प्रकाशाबद्दल बोलणं सगळ्यात कठीण, कारण चांगला प्रकाश दिसतच नाही. त्यासाठी घरीच एक गोष्ट करून बघावी. रात्री दिवे मालवून एखाद्याच्या हनुवटीखाली मोबाइलची बॅटरी धरायची. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, गालफडं वर आलेली, घरातला प्रेमळ काकाही भुतासारखा दिसतो. बॅटरी कानाच्या बाजूला नेली की अर्धा चेहरा अंधारात बुडतो आणि वाटतं, हा काहीतरी लपवतोय. आता बॅटरी चेहऱ्यावर न मारता समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारायची आणि भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडू द्यायचा. सावल्यांच्या कडा विरघळतात, कातडी मऊ दिसते, पहाटे ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. मराठी-हिंदी सेटवर या कामाला आजही पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरतात, आणि नुसतं ‘थर्माकोल दे’ म्हटलं की लाइटमनला कळतं.

भिंतीवरून परतवलेल्या या उजेडाचं आपल्याकडचं मोठं नाव सुब्रत मित्र. राय यांच्याच ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. खऱ्या वाड्याच्या चौकात उजेड वरून, आभाळातून झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर मारून तो खाली उतरवला. घर खरं वाटलं, म्हणून त्यातली आईही खरी वाटली. नेमकं उलटं काम व्ही. के. मूर्तींनी ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) केलं. मोठे आरसे लावून सूर्याचा उजेड स्टुडिओच्या अंधारात वळवून आणला, आणि त्या एका तिरप्या झोताच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी केली. हवेतली धूळसुद्धा दिसते. मधलं अंतर जणू हात लावून बघता येईल असं होतं. त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला याच प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शन करत होते.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये मात्र प्रकाशाबाबत जे घडतं ते दिव्यांनी घडत नाही. डोळ्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नातवाची शस्त्रक्रिया होणार, आणि त्यानंतर त्याला कधीच दिसणार नाही. आदल्या दिवशी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतो आणि शहर दाखवायला नेतो. हे एकदा कळलं की रस्त्यावरचं साधं ऊन, गर्दी, रंग, सगळं मोलाचं होऊन जातं. ऊन रोजचंच आहे. ते शेवटचं आहे, हे आपल्याला माहीत आहे. अरुण नलावडे यांच्या चेहऱ्याकडे बघताना आपण त्यांच्याकडे बघत नसतो, मुलाला काय दिसतंय ते बघत असतो. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मराठीत आलं ते या चित्रपटामुळे.

अविनाश अरुण हे पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकलेले. ‘किल्ला’ त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला आणि स्वतःच चित्रित केला. बाप गेलेला मुलगा आणि बदलीवर कोकणात आलेली आई. पावसाळी आभाळाचा तो दबलेला, सावली नसलेला उजेडच त्या मुलाच्या मनाची अवस्था आहे, तिथे वेगळं रडणं दाखवायला लागलं नाही. बर्लिनला २०१४ मध्ये त्याला मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं.

या सगळ्याची आज गावोगाव सवय झाली आहे. मुळशी धरणाच्या काठावर लग्नाआधीचं शूटिंग करायला येणाऱ्या जोडप्यांचे कॅमेरामन ड्रोन उडवतात, गिंबल घेऊन धावतात, पदर संथ गतीत उडवतात आणि वर गाणं लावतात. त्यातले काही तरुण खरोखर जाणकार असतात. पण हौशी व्हिडिओत आणि रोजच्या मालिकांतही एक चूक सारखी होते. प्रत्येक क्षणी संगीत, प्रत्येक वाक्यावर क्लोजअप, प्रत्येक धक्क्याला चेहरा तीनदा. सतत तिखट खाणाऱ्याच्या जिभेला चव कळेनाशी होते, तसं कानाचं आणि डोळ्याचं होतं. संगीताला वजन यायचं तर आधी शांतता असावी लागते, आणि जवळचा चेहरा काळजाला भिडायचा तर आधी तो लांबून दिसलेला असावा लागतो.

ताम्हाण्यांच्याच ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा अगदी शेवटपर्यंत जवळ जात नाही. मुंबईच्या खालच्या न्यायालयात एका लोकशाहिरावर खटला चालतो, आणि कॅमेरा लांब, एका जागी, मागच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकासारखा बघत राहतो. ज्याला न्यायालयात तारखेवर तारीख घेत बसण्याचा अनुभव आहे, त्याला ही लांबून बघायची हतबलता ओळखीची आहे. शेवटाकडे सुट्टी लागते. खोली रिकामी होते, कर्मचारी दिवे एकेक करून बंद करतो आणि पडदा काळा होतो. तो काळोख बराच वेळ तसाच राहतो. आरोपीचं काय झालं? आपण अंधारात बसून हाच विचार करत राहतो, आणि तुरुंगातला माणूसही अशाच कुठल्यातरी अंधारात बसला असणार.

नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’मध्ये कॅमेरा आणि आवाज दोन्ही एका प्रसंगात आणले. फँड्री हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. गावाने लावलेलं डुक्कर पकडायचं काम शाळकरी जब्याच्या कुटुंबाच्या वाट्याला येतं. शाळेशेजारी, जब्याला आवडणाऱ्या मुलीच्या आणि वर्गातल्या पोरांच्या देखत सगळं घर डुकरामागे धावतं. सोमनाथ अवघडेने साकारलेला जब्या लपायला आडोसा शोधतो. डुक्कर आता हाताशी आलंच, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. बाप थांबतो. आई, बहीण, सगळे ताठ उभे. डुक्कर मात्र चालत राहतं.

या ठिकाणी कोणतंही वेगळं पार्श्वसंगीत घालायची गरज नव्हती, कारण जे ऐकू येतंय ते त्या शाळेतूनच येतंय. ‘कुंकू’तलं घड्याळ जसं भिंतीवरचंच होतं, तसं. वाद्यांनी काही सुचवलेलं नाही, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर गेलेला नाही. उभी राहिलेली चार-पाच माणसं आणि सुटून जाणारं डुक्कर एका चौकटीत, एवढंच. पुढे डुक्कर काठीला टांगून नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेली आहेत. कॅमेरा त्या मिरवणुकीबरोबर चालतो, चित्रांवर थांबत नाही. थांबला असता तर ते भाषण झालं असतं. शेवटी जब्या छळणाऱ्या पोरांवर दगड मारायला लागतो, आणि अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. पडदा काळा. इतका वेळ आपण सुरक्षित जागेवरून बघत होतो, ती जागा त्या दगडाने हिरावून घेतली.

पुढे, २९ एप्रिल २०१६ ला, मंजुळे यांचाच ‘सैराट’ आला. त्याच्या पूर्वार्धात सगळी साधनं हात सैल सोडून वापरली आहेत. करमाळ्याकडचं रान, विहिरीतल्या उड्या, संथ गतीने धावणारा परश्या, सोनेरी ऊन आणि अजय-अतुल यांचं संगीत, ज्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा या प्रेमाच्या प्रेमात पडलेला आहे. प्रेक्षकांनी खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाच केला. मध्यंतरानंतर परश्या आणि त्याची आर्ची हैदराबादला पळतात आणि रंग उतरतो. गाणी मागे पडतात. कॅमेरा झोपडीच्या अरुंद खोलीत त्यांच्याबरोबर अडकतो. भांडणं, भाड्याचे पैसे, घामेजलेले चेहरे. मग हळूहळू बस्तान बसतं, बाळ होतं, नवं घर होतं.

आर्ची दारात रांगोळी काढत असताना माहेरची माणसं येतात. हातात भेटवस्तू आहेत. ती चहा टाकायला आत जाते. संगीत धोक्याची सूचना देत नाही, कॅमेरा पाहुण्यांच्या चेहऱ्यावर रेंगाळत नाही. घरात पाहुणे आल्यावर जे असतं तेवढंच आहे, कप, पाणी, अवघडलेलं हसू. आर्ची आणि परश्याचा खून दाखवलेला नाही. शेजारीण बाळाला दारात सोडून जाते, ते आत पाय टाकतं, आणि पुढचं सगळं आवाजाशिवाय आहे.

चित्रपटात शांतता म्हणतात तेव्हाही सहसा काहीतरी ऐकू येत असतं, पंख्याची घरघर, लांबचा रस्ता, पानांची सळसळ. ध्वनिमुद्रक रिकाम्या खोलीचा आवाजसुद्धा मुद्दाम नोंदवून आणतात आणि संवादांच्या खाली अंथरतात, नाहीतर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं. ‘सैराट’ने ते अंथरूणही काढून घेतलं. बाळ तोंड उघडून रडतं आहे आणि रडणं ऐकू येत नाही. ‘पथेर पांचाली’त आईच्या हंबरड्याच्या जागी निदान तारशहनाई होती, इथे काहीच नाही. चित्रपटगृहात ऐकू येतो तो शेजारच्याचा श्वास, खुर्चीची कुरकुर, मागे कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज. बाळ वळून बाहेर चालू लागतं आणि फरशीवर लाल पावलं उमटत जातात. लहान, जेमतेम चालायला शिकलेली पावलं, एकामागून एक. कॅमेरा त्यांच्यामागे राहतो, आणि श्रेयनामावली सुरू होते. थोड्या वेळापूर्वी जे लोक पडद्यासमोर नाचले होते, तेच पायऱ्या उतरून काही न बोलता बाहेर पडले.